युक्रेनच्या लोकांना इंग्लिश शिकवतेय, 'द' कुठं घालायचा हे कसं सांगू?

शहापूरची टीचर (बेळगाव)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहते, इंग्लिशमध्ये एमए केलंय आणि बरीच वर्षं घरीच स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतेय, पोरं सगळी आपलीच, मराठी नाहीतर कन्नड मीडियमची. मागच्या वर्षी एका ऑनलाईन साईटवर नाव घातलं आणि कसं काय कुणास ठाऊक पण पहिले तिघंही युक्रेनचे मिळाले. एक बाई आहेत, अकाउंट्सचं काम करायच्या, आता मुलीला घेऊन पोलंडमध्ये राहतात. एक सोळा वर्षांचा पोरगा. आणि एकजण ल्विव शहरातला कॉम्प्युटरवाला, तो अजून तिथंच आहे.

ओळख लई लवकर जमली, त्याचं कारण सांगते. ल्विववाल्यानं पहिल्याच आठवड्यात मेसेज टाकला, सॉरी टीचर, वुई हॅव नो लाईट. मला एका सेकंदात कळलं, लाईट गेली. मी पण तसंच लिहिलं, नो प्रॉब्लेम, हिअर ऑल्सो लाईट गॉन. नंतर डोक्यात आलं की अरे, आपण दोघांनी मिळून कुठलं इंग्लिश बोललो हे! इंग्लिशमध्ये पॉवर कट म्हणतात ना.

पण आता खरी अडचण. तिघांनाही 'अ' आणि 'द' घालताच येत नाही. आय बॉट कार, कार इज इन गॅरेज. असं. आणि चूक दाखवली की मग सगळीकडं द घालायला लागतात, द माय द मदर, द पोलंड, काय काय. पुस्तकातला नियम वाचून दाखवला तर माना डोलावतात आणि पुढच्या वाक्याला परत तेच. दुसरं म्हणजे 'इज' गाळतात, आय टीचर, शी व्हेरी गुड. तिसरं, आय लिव्ह हिअर फाइव्ह इयर्स, हे तर कायमचंच.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट पण सांगून टाकते. पोलंडवाल्या बाईंना ओळख करून देताना मी म्हटलं, आय पास्ड आउट इन २०१२. त्या एकदम गंभीर झाल्या, म्हणाल्या ओ माय गॉड, आता बऱ्या आहात ना? मला वाटलं कॉलेजबद्दल विचारतायत. त्यांना वाटलं मी चक्कर येऊन पडले होते. तेव्हापासून मनात भीती बसली आहे की आपणच कुठं कुठं चुकीचं शिकवतोय काय की. कुणाला अनुभव असला तर सांगा.

खानापूरचा मास्तर

बाई, मी ३१ वर्षं हायस्कूलला इंग्लिश शिकवलं, रिटायर होऊन झाली काही वर्षं. युक्रेनचं मला काही ठाऊक नाही पण 'द'चं दुखणं आपलंच आहे, आपल्या भाषेत तरी कुठं आहे अ आणि द? त्यामुळं घाबरू नका, ज्यानं स्वतः खड्डा ओलांडलाय त्यालाच दुसऱ्याला हात देता येतो, लंडनच्या माणसाला तो खड्डा दिसतच नाही.

मी नियम सांगायचं कधीच बंद केलं होतं. मी गोष्ट सांगायचो. आटपाट नगर होतं. त्या नगरात एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. आता हे वाक्य पोरांना फळ्यावर लिहायला लावायचं आणि 'एक'खाली रेघ, 'त्या'खाली रेघ. पहिल्यांदा आला तर 'एक राजा', ऐकणाऱ्याला अजून ठाऊक नाही. दुसऱ्यांदा आला की 'तो राजा', आता दोघांना ठाऊक आहे. एक म्हणजे अ, तो म्हणजे द. झालं. आपल्या मराठीत हे काम होतंच की, फक्त दरवेळी करायची सक्ती नाही, इंग्रजीत सक्ती आहे एवढाच फरक.

म्हणजे विचारायचा प्रश्न एकच: मी कुठल्या कारबद्दल बोलतोय हे समोरच्याला कळलंय काय? कळलं असेल तर द. सूर्य एकच आहे म्हणून कळतंच, द सन. घरातला फ्रीज कुठला हे घरात सगळ्यांना ठाऊक, म्हणून ओपन द फ्रीज. पोरगं शिकायला जातं ते गो टू स्कूल, आणि त्याचा बाप फी भरायला जातो तो गो टू द स्कूल, कारण बापाला शिक्षणाशी काम नाही, बिल्डिंगशी आहे. हे उदाहरण मी बापांच्या समोर पण द्यायचो, हसायचे.

आणि हो, प्रत्येक वाक्यात टोकू नका. एका क्लासला एकच चूक धरा. सगळं धरलं की माणूस तोंडच उघडत नाही, हे आपल्या पोरांचं बघितलंय मी.

निपाणीचा डॉक्टर

मी ह्या धाग्यात यायलाच पाहिजे बहुतेक 😄 मी युक्रेनमध्ये एमबीबीएसला होतो, २०२२ च्या मार्चमध्ये, युद्ध लागल्यावर सरकारनं आपल्या पोरांना आणायला ऑपरेशन गंगा काढलं होतं, त्याच्या विमानातनं परत आलो. शिकणं इंग्लिशमधनं असलं तरी बाजारात, हॉस्टेलला, पेशंटशी बोलायला त्यांची भाषा लागायचीच, त्यामुळं तोडकीमोडकी येते. टीचर, तुमच्या तिघांच्या चुका मला ऐकूनच कळल्या की कुठनं आल्या.

'इज' गाळतात कारण त्यांच्यात वर्तमानकाळात ते नसतंच. त्से मिय दिम, म्हणजे हे माझं घर. 'आहे' नाही. या स्तुदेंत, मी विद्यार्थी. संपलं वाक्य.

आता मजा बघा. त्यांच्यात पण 'मला' चालतं, आपल्यासारखं. मेनी खोलोद्नो म्हणजे मला थंडी वाजते. मेनी पोदोबायेत्स्या म्हणजे मला आवडतं. वय सांगताना मेनी द्वाद्त्सात रोकिव, अक्षरशः 'मला वीस वर्षं'. माझ्याकडं आहे म्हणायला उ मेने ये, म्हणजे 'माझ्यापाशी आहे'. म्हणून इंग्लिशचं 'आय अॅम कोल्ड', 'आय अॅम ट्वेंटी', 'आय हॅव अ ब्रदर' हे त्यांना उलटं वाटतं, सगळीकडं आय कशाला पुढं पुढं करतो असं. आपल्याला पण वाटायचंच की लहानपणी. त्यांना सांगायचं, इंग्लिशमध्ये 'मला'ची जागा बहुतेक वेळा 'मी' घेतो, थंडी वाजली तरी मीच, वय झालं तरी मीच. एवढं एक वाक्य त्यांना फार उपयोगी पडतं. त्यांच्यात 'या मायु' असं हॅवसारखं पण बोलतात, तर हॅव शिकवताना तिथनं सुरुवात केलेली सोपी जाते.

अंगाचे शब्द सांगतो, माझ्या लाईनचं आहे. त्यांचा रुका म्हणजे आपला हात, खांद्यापासून बोटापर्यंत सगळा. नोहा म्हणजे पाय, मांडीपासून तळव्यापर्यंत सगळा. पालेत्स म्हणजे बोट, हाताचं पण आणि पायाचं पण. आपल्यासारखंच की हुबेहूब! इंग्लिशला हँड वेगळा आर्म वेगळा, लेग वेगळा फूट वेगळा, फिंगर वेगळं टो वेगळं. एक म्हातारा पेशंट इंग्लिश बोलायच्या हौसेनं मला म्हणाला, डॉक्टर, फिंगर ऑन माय लेग इज पेन. वॉर्डातली बाकीची पोरं हसली, मला मात्र हसू आलं नाही कारण मी मनात आधी 'पायाचं बोट' असंच ऐकलं होतं.

प्रश्न विचारताना डू गाळत असतील तर एक युक्ती आहे. त्यांच्याकडं आपल्या 'का' सारखा एक शब्द आहे, 'चि'. फक्त आपला का शेवटी येतो, त्यांचा चि सुरुवातीला. चि ती ल्युबिश चाय? म्हणजे तुला चहा आवडतो का. आता शब्दाखाली शब्द ठेवा, डू यू लाइक टी. चि च्या जागी डू. तसाच बसतो. (चहाला ते चायच म्हणतात हे वेगळं सांगायला नको.)

चिकोडीची अक्का

डॉक्टर हे वाचून मी उडालेच ओ. ननग इप्पत्तु वर्ष! कन्नडमध्ये पण अगदी तसंच, मला वीस वर्षं. आणि 'इदु नन्न मने', हे माझं घर, इथं पण आहे-बिहे काही नाही. म्हणजे आपल्या भागात ज्याला कन्नड येतं त्याला युक्रेनवाल्यांच्या चुका जास्त कळतील म्हणा की, पुण्यामुंबईच्या मराठी माणसापेक्षा.

माझ्याकडं चौथी-पाचवीची पोरं येतात ट्युशनला, घरी कन्नड बोलणारी, ती पण इज गाळतात, माय नेम अमुक, माय फादर फार्मर. मी काय करते, टेबलावर बोट आपटायला लावते. माय फादर, टक्, इज, अ फार्मर. इज आला नाही तर टक् नाही, टक् झाली नाही तर वाक्य मोजायचं नाही. दोन आठवड्यात बोट आपोआप आपटतं. ऑनलाईन पण होईल की, पेननं टक् करा कॅमेऱ्यासमोर. मोठ्या माणसांना सुरुवातीला पोरकट वाटेल, पण चालतंय.

पुण्यातला बेळगावकर

मी जरा कडू बोलतो, राग मानू नका. युक्रेनवाल्यांच्या चुका राहू देत, आधी आपल्या चुका त्यांच्यात जाऊ देऊ नका. मी दहा वर्षं परदेशी क्लायंटशी फोनवर बोलायचं काम करतो, मार खाऊन शिकलोय.

पास आउट तुम्हाला कळलंच. ग्रॅज्युएटेड म्हणा. आउट ऑफ स्टेशन म्हटलं की ते रेल्वे स्टेशन शोधतात. प्लीज डू द नीडफुल वाचून एक क्लायंट मला म्हणाला, म्हणजे नक्की काय करू? कझिन ब्रदर नाही, नुसतं कझिन. डिस्कस अबाउट नाही, नुसतं डिस्कस. टुडे मॉर्निंग नाही, धिस मॉर्निंग. आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स तर अजिबात नाही, भाऊ काय जेवणात खाताय? प्रीपोन ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आलाय हे खरं पण भारताबाहेर वापरला की समोरचा दोन सेकंद गप्प होतो, त्यापेक्षा मूव्ह इट अर्लिअर म्हणा.

आणि सिन्स फाइव्ह इयर्स! टीचर, हे तुम्ही लिहिलं नाहीत पण पैज लावतो तुम्ही बोलता. युक्रेनवाला म्हणतो आय लिव्ह हिअर फाइव्ह इयर्स, आपण म्हणतो आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स, दोघंही चूक, फक्त वेगवेगळ्या खिडकीतनं पडलेले. बरोबर काय, आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स. मोजलेला काळ असला तर फॉर, सुरुवात सांगायची असली तर सिन्स, सिन्स २०१९. अजून राहतोय म्हणून हॅव. 'लिव्ह्ड' नुसतं म्हटलं तर राहत होतो, आता नाही.

शहापूरची टीचर (बेळगाव)

पैज जिंकलात 🙈 सिन्स फाइव्ह इयर्स मी कालच बोलले, आणि तेही त्याच पोराला.

अजून एक प्रकार झाला परवा, तो पण सांगते. ल्विववाल्याला विचारलं उद्या किती वाजता बसायचं, तर त्यानं लिहिलं, अॅट हाफ थ्री, माय टाईम. मी साडेतीन धरले. हिवाळ्यात त्यांची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे आपल्याकडचे सात. मी सात वाजता लॉगिन केलं तर तो सहा वाजल्यापासून एकटा बसून शेवटी निघून गेला होता. त्यानं मेसेज टाकला होता, टीचर, यू आर सिक? काय झालं होतं कळलंच नाही.

निपाणीचा डॉक्टर

हा हा, हे मी तीन वेळा भोगलंय! त्यांच्यात अडीचला 'पिव ना त्रेत्यु' म्हणतात, म्हणजे 'तिसऱ्यातलं अर्धं'. तिसरा तास अर्धा झाला, म्हणजे अडीच. आपण साडेतीन म्हणतो ते तीन होऊन अर्धा वर. ब्रिटिश लोक हाफ थ्री म्हणतात ते पण साडेतीनच, हाफ पास्ट थ्रीचं छोटं रूप. म्हणजे ल्विववाला अडीचला बसला आणि तुम्ही ब्रिटिश आणि आपली वेळ धरून बसलात. त्याला सांगा वेळ आकड्यात लिही, टू थर्टी, हाफचा नाद सोड. आणि मार्चच्या शेवटी त्यांची घड्याळं एक तास पुढं जातात, मग अंतर अडीच तास होतं, ऑक्टोबरच्या शेवटी परत साडेतीन. ते कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा नाहीतर परत तेच.

आता फसवे शब्द सांगतो, हे त्यांना आधीच माहीत असायला पाहिजेत. माहाझिन म्हणजे दुकान, मॅगेझिन नाही, मॅगेझिनला ते झुर्नाल म्हणतात. फाब्रिका म्हणजे कारखाना, कापड नाही. आकुरात्नी म्हणजे नीटनेटका, तर 'शी इज व्हेरी अॅक्युरेट' म्हटलं तर ती टापटीप आहे म्हणायचंय. सिम्पातिचनी म्हणजे दिसायला छान. एकानं माझ्या मैत्रिणीला यू आर व्हेरी सिंपथेटिक म्हटलं, ती म्हणाली थँक्यू, आय ट्राय. त्याला कळेना की छान दिसायला ट्राय काय करायचं. आणि बिस्क्वित म्हणजे स्पंज केक! चहाबरोबर बिस्किट मागितलं तर केक येतो, मला तक्रार नव्हती.

उसने पैसे मागताना पण बघा, त्यांचा पोझिचाती हा एकच शब्द घ्यायला पण आणि द्यायला पण, म्हणून 'बॉरो मी टेन डॉलर्स' म्हणतात. आपल्यात उसने घेतले, उसने दिले, दोन क्रियापदं आहेत म्हणून आपण ह्यात चुकत नाही. घेतले तर बॉरो, दिले तर लेंड. 'मला सांग'चं मात्र दोघांचंही सारखंच दुखणं, से मी, एक्सप्लेन मी. सांगायचं की टेल मी चालतं, बाकीच्यांना मध्ये टू लागतो, एक्सप्लेन टू मी. पैसे हे त्यांच्यात पण बहुवचन, ह्रोशी, म्हणून मनी आर. आपण पण पैसे आहेत म्हणतो तर कान पटकन पकडत नाही, लक्ष ठेवा.

एक ठिकाणी आपण त्यांच्या पुढं आहोत. हे काय म्हणतात याला, असं ते विचारतात 'याक त्से नाझिवायेत्स्या', म्हणजे कसं म्हणतात, म्हणून इंग्लिशमध्ये हाऊ इज इट कॉल्ड. हाऊ डू यू थिंक पण तसंच. आपल्यात 'काय' आहे, तुला काय वाटतं, त्यामुळं आपला व्हॉट बरोबर येतो. आणि ते नकार दोनदा घालतात, या निचोहो ने झ्नायु, म्हणजे मला काहीच नाही नाही माहीत, असं काहीतरी, तर आय डोंट नो नथिंग येतं. एका वाक्यात एकच नाही, हे त्यांना पाठ करून घ्यायला लावा.

खानापूरचा मास्तर

डॉक्टर, उच्चाराचं पण सांगा की. मला ते 'व'चं कुतूहल आहे. आपली पोरं वाईन आणि व्हाईन एकच म्हणतात.

निपाणीचा डॉक्टर

सर, ह्यात एक गंमत आहे. ल्विव हे नाव त्यांच्या तोंडनं ऐका. शेवटचा व आहे तो दात ओठाला न टेकवता, आपल्या 'गाव' मधल्या वसारखा. बेळगावच्या शेवटी येतो तोच. म्हणजे डब्ल्यूचा आवाज त्यांच्या तोंडात आहेच, फक्त शब्दाच्या शेवटी आहे, सुरुवातीला आणायला सांगायचं. ल्विवचा शेवट घे आणि त्यानं वॉटर म्हण. होतं.

शिप आणि शीपसाठी पण त्यांच्याकडं दोन वेगळी अक्षरं आहेत, एक जरा आखूड ढिला इ आणि एक ताणलेला ई सारखा. पहिल्यानं शिप, दुसऱ्यानं शीप. फक्त ताणायचं सांगितलं तर ते गातात, अक्षर सांगितलं की बरोबर म्हणतात.

आणि ह! त्यांचं एक अक्षर आहे, उलट्या एलसारखं दिसतं, रशियनमध्ये त्याचा ग होतो पण युक्रेनियनमध्ये आपला ह, अगदी आपल्या 'हात' मधला. हॉटेलला ते होतेलच म्हणतात. गसाठी वेगळं अक्षर होतं, ते १९३३ मध्ये सोव्हिएत काळात वर्णमालेतनं काढून टाकलं, १९९० मध्ये परत आणलं. माझ्या तिथल्या भाषेच्या मॅडम हे सांगताना फळ्यावर ते अक्षर दोन वेळा गिरवायच्या.

एक फार महत्त्वाचं राहिलं, ते 'द'च्याच विषयातलं आहे. टीचर, चुकूनसुद्धा 'द युक्रेन' म्हणू नका. जुन्या इंग्लिश पुस्तकात तसं छापलेलं आहे, पण १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यापासून त्यांना ते खपत नाही. द लावला की तो कुणाच्या तरी राज्याचा एक प्रदेश वाटतो, देश वाटत नाही. राजधानीचं नाव पण किएव नाही, किइव. किएव हे रशियन रूप आहे, अमेरिकेची एपी न्यूज एजन्सी पण २०१९ मध्ये किइव लिहायला लागली. एका अक्षरानं काय फरक पडतो असं म्हणू नका, फार पडतो.

एक नंबर बेळगावकर

आपल्याला कुणी सांगायला पाहिजे होय एका अक्षराचं? २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी बोर्डावर एका दिवसात बेळगावचं बेळगावी केलं आणि...

चिकोडीची अक्का

नको ओ, तो विषय इथं नको. इंग्लिशचा धागा आहे, बेळगाव म्हणा बेळगावी म्हणा, कुंदा दोन्हीकडं तोच.

एक नंबर बेळगावकर

बरं राहिलं 😐 पण तुमच्या त्या ल्विववाल्याला सांगा की आम्हाला कळतंय.

शहापूरची टीचर (बेळगाव)

सांगितलं. खरं म्हणजे मीच पहिल्या क्लासला द युक्रेन म्हटलं होतं आणि त्यानं अगदी हळू, सॉरी म्हणून, नो द, टीचर, असं सांगितलं होतं. तेव्हा मला वाटलं ह्याला सगळीकडं द घालता येत नाही आणि नेमका इथं मला शिकवतोय! आता कळलं. काल त्याला म्हटलं की आमच्या गावाला पण दोन नावं आहेत, कोण कुठलं म्हणतो त्यावरून माणूस ओळखतात. तो म्हणाला, आय अंडरस्टँड, सेम. इज गाळला, द गाळला, पण मी टोकलं नाही.

पोलंडच्या बाईंचं एक कोडं पण सुटलं. त्या सारखं म्हणायच्या, इन लास्ट डिकेड आय सेंट थ्री रिपोर्ट्स टू माय बॉस. मला वाटायचं दहा वर्षांत तीनच रिपोर्ट, काय नोकरी आहे ही! विचारलं तर त्यांच्या भाषेत देकादा म्हणजे दहा दिवस. महिन्याचे तीन भाग पाडतात हिशोबाला. डॉक्टर, हा शब्द तुमच्या यादीत घाला.

आता मुख्य. मास्तर, तुमची आटपाट नगराची युक्ती परवा सोळा वर्षांच्या पोरावर करून बघितली. त्याला म्हटलं तुमच्याकडची एखादी आजीची गोष्ट सांग, पहिल्यांदा येणाऱ्याला अ, परत आला की द. त्यांच्या गोष्टी 'झिली सोबी दिद ता बाबा' अशा सुरू होतात, एक होते आजोबा आणि एक आजी. बाबा म्हणजे आजी, मी पाच मिनिटं हसत होते, त्याला कळेना का हसतेय. आमच्याकडं बाबा म्हणजे वडील म्हटल्यावर तो पण हसायला लागला.

गोष्ट अशी की आजोबांचा हातमोजा जंगलात बर्फात पडतो. मी ग्लोव्ह म्हटलं तर त्यानं कॅमेऱ्यासमोर स्वतःचा मोजाच आणून दाखवला, चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा, ह्याला मिटन म्हणतात टीचर. आपल्या बेळगावात कुठला मिटन येणार, थंडी पडली की मफलर. तर त्या मिटनमध्ये एक उंदीर येऊन राहतो. मग बेडूक. मग ससा, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर, एकामागनं एक. मास्तर, तुमच्यासाठीच केलेली गोष्ट आहे ही! अ माऊस केम. द माऊस वेंट इन. अ फ्रॉग केम. द फ्रॉग सेड, हू लिव्ह्ज इन द मिटन? सगळं बरोबर. पेननं टक् टक् पण करत होता, अक्काची युक्ती. इजला एक टक्, अ ला एक टक्, मी सांगितलं नव्हतं तरी.

रानडुकरापर्यंत एकही चूक नाही. आणि शेवटी अस्वल येतं, तर म्हणाला, अँड देन द बेअर केम. मी थांबवलं, म्हटलं अस्वल पहिल्यांदाच आलं ना, मग द कसा? तर म्हणतो, टीचर, एव्हरीबडी नोज द बेअर इज कमिंग. लहान असल्यापासून गोष्ट ऐकलेली, सगळ्यांना माहीतच असतं की शेवटी अस्वल येणार.

मला उत्तर सुचेना. मास्तर, हे बरोबर धरू की चूक?

खानापूरचा मास्तर

बरोबर धरा. मी पूर्ण मार्क दिले असते.

पुण्यातला बेळगावकर

मी कापले असते. पण पोरगं माझ्यापेक्षा हुशार आहे.